अढीत घातलेली बियर

"बियर झाली आहे, आता फक्त बाटल्यांत भरायची राहिली," असं दिगंबरराव महाजन उखर्डूला म्हणाले, तेव्हा त्यातला 'फक्त' त्यांनी फार विश्वासाने उच्चारला होता. पुढे बुऱ्हाणपुरात, बुधवाऱ्यातल्या त्यांच्या गल्लीत जे काही झालं, ते सगळं त्या 'फक्त'मध्ये बसलेलं होतं.

उखर्डू म्हणजे त्यांचा शाळेपासूनचा मित्र. तापीकाठी त्याची केळीची बाग. तो केळ्यांची फणी घेऊन आला होता. ती ओट्यावर ठेवून त्याने स्टीलच्या पिंपात डोकावून पाहिलं आणि मान मागे घेतली.

"दिगू, याला तर भिजवलेल्या सरकीच्या ढेपेवानी वास येऊन राह्यला."

"जवाचं आहे ते. तसाच वास असतो."

"मंग म्हशीलेच घाल ना भो. दूध तरी देईल."

दिगंबररावांनी त्याला चहा दिला. उखर्डू तो मुकाट्याने प्यायला. त्यांची बायको विमल पौषात गेली, तेव्हापासून दिगंबररावांच्या चहात साखर नसे. ते काही पथ्य नव्हतं. विमल चहा करायची तेव्हा पाणी, पत्ती, दूध एवढं त्यांनी येता-जाता पाहिलं होतं. साखर ती नेमकी कधी घालायची ते पाहायचं राहून गेलं होतं. आणि स्वतःला चव लागते की नाही, याकडे त्यांचं अलीकडे लक्ष नव्हतं. गल्लीतले लोक तो चहा पीत, "मस्त झाला" म्हणत, आणि घरी जाऊन चिमूटभर साखर तोंडात टाकत.

आता, निवृत्त हेडक्लार्क बियर का करत होता, हे सांगायला हवं. हे खूळ त्यांचं नव्हतंच. ते विमलचं होतं. पण तसं कोणाला सांगता येत नव्हतं, आणि सगळी अडचण तिथेच होती.

दोघांचं लग्न आखाजीचं, म्हणजे अक्षय्यतृतीयेचं. दर आखाजीला, घागर पुजून झाली, पुरणपोळी-आमरसाची जेवणं झाली, की दुपारी दार लावून दोघं मिळून एक बाटली बियर पीत. वर्षातून एकदा, एकच. दिगंबरराव ती खकनारच्या तहसील कचेरीतून येताना फाईलींच्या पिशवीत घालून आणत. त्यांना फेस आवडे. ते आपला ग्लास फसफसता असतानाच संपवत. विमल कन्याशाळेत गणित शिकवणारी बाई; ती आपला ग्लास पुढ्यात ठेवून चमच्याने ढवळत बसायची. पार गॅस जाईपर्यंत. "नाकात जातं मेलं," म्हणायची. तोवर दिगंबररावांचा ग्लास रिकामा झालेला असे आणि ते तिच्या ग्लासाकडे बघत. मग ती अर्धा त्यांना द्यायची. असा संसार झाला.

गेल्या दिवाळीत ती म्हणाली होती, "दरवर्षी चोरासारखी आणता. यंदा घरीच करू." आणि पौष लागल्यावर तिने मोबाइलवरून सामान मागवलं. जवाच्या काळ्या पाकाचा डबा, बियरच्या खमिराची, म्हणजे यीस्टची, एक पुडी, पत्र्याची टोपणं आणि ती दाबायचं यंत्र. पार्सल आलं ते दिवस-कार्य उरकल्यावर. दिगंबररावांनी सही करून घेतलं आणि माळ्यावर ठेवून दिलं. चैत्रात उतरवलं. ही विमलची पहिली आखाजी होती, म्हणजे तिच्या नावाची घागर भरायची होती. घागरीपुढे गेलेल्या माणसाच्या आवडीचं ठेवतात. आंबा तिला आवडायचा, सांजोरी आवडायची, हे सगळ्या गल्लीला माहीत होतं. तिसरी वस्तू एकट्या दिगंबररावांना माहीत होती. खमिराची पुडी एकच होती. ती आता पिंपात पडलेली होती.

आयुष्यभर त्यांनी कागदाशिवाय काही केलं नव्हतं. त्यामुळे पिंप भरल्या भरल्या ते अर्ज लिहून, दारूचं काम पाहणारी जी कचेरी असते, तिथे गेले होते. तिथे निरंजन नावाचा तरुण बाबू होता. त्याने अर्ज वाचला, उलटून पाहिला, परत सुलटा केला.

"काकाजी, ऐसा है, इथं लोक पकडल्यावर येतात. तुम्ही पकडायच्या आधीच आले."

"म्हणूनच आलो. अर्ज घ्या आणि आवक क्रमांक द्या."

"क्रमांक दिला की फाईल बनते. फाईल बनली की साहेब विचारतात. साहेबांनी विचारलं की मला तुमच्या घरी यावं लागतं. या उन्हात?"

"नियम काय आहे ते तर पाहा."

"पाहिला की लागू होतो ना, काकाजी." निरंजनने अर्ज पेपरवेटखाली सरकवला. "ठेवून जा. मी वाचला नाही असं समजा."

दिगंबरराव बाहेर उन्हात आले ते अपमान गिळत. उभ्या नोकरीत त्यांनी कोणाचा अर्ज बिनक्रमांकाचा ठेवला नव्हता. दाबून ठेवले होते. पण क्रमांक देऊन.

मग बाटल्या. भंगारवाल्याकडे जाऊन त्यांनी बियरच्या रिकाम्या बाटल्या मागितल्या. तो म्हणाला, "बाबूजी, लोक मला विकायला येतात, घ्यायला आलेले तुम्हीच पहिले." आणि त्याने पोतंभर बाटल्या हातगाडीवर घालून भरदुपारी घरापर्यंत आणून दिल्या. रस्ताभर त्या वाजत होत्या. बुधवाऱ्यात ज्यांना वामकुक्षीची सवय होती, ते सगळे त्या दिवशी खिडकीत होते.

बाटल्या गरम पाण्याने धुऊन वाळवायच्या होत्या, त्याही उलट्या. उखर्डूने पऱ्हाट्यांचा भारा आणून दिला. कापूस निघून गेलेल्या त्या वाळक्या काड्या गच्चीवरच्या रिकाम्या कुंड्यांत रोवून दिगंबररावांनी एकेका काडीवर एकेक बाटली अडकवली. संध्याकाळच्या उन्हात गच्चीवर बियरच्या बाटल्यांचं झाड आल्यासारखं दिसत होतं. ते राजघाटाकडे फिरायला जाणाऱ्या लोकांनाही दिसत होतं.

मुलीचा फोन आला. गायत्री इंदूरला असते.

"पप्पा, गच्चीवर काय आहे?"

"बाटल्या."

"कशाच्या?"

"रिकाम्या."

"आणि भरलेल्या होत्या तेव्हा?"

"तेव्हाचं मला माहीत नाही. मी रिकाम्याच घेतल्या."

"ठीक आहे. मी आखाजीला येतेच आहे. मग बोलू."

ते 'मग बोलू' अगदी विमलच्या आवाजात होतं. दिगंबररावांनी फोन ठेवला आणि भिंतीपलीकडे पाहिलं. पलीकडे चारुलतावहिनी तुळशीला पाणी घालत होत्या. तुळस ते पाणी कधीचंच प्यायली होती, तरी घालत होत्या. विमलची ही शेजारची मैत्रीण. इंदूरला फोन कोणाचा गेला, हे विचारायची गरज नव्हती.

बाटल्या भरायच्या दिवशी उखर्डू सकाळीच हजर झाला. पार्सलसोबतच्या कागदावर लिहिलं होतं की भरायच्या आधी मोजून साखर घाला. पिंपात उरलेलं खमीर ती बाटलीच्या आत खाईल, गॅस सोडेल, आणि तोच बियरचा फेस. साखर जास्त नको, हे जाड अक्षरांत होतं. दिगंबररावांनी विमलच्या खोकल्याच्या औषधाचा रेघांचा चमचा काढला, साखर रेघेला रेघ लावून मोजली, पाण्यात उकळली, गार केली आणि पिंपात ओतली. कुठलंही काम त्यांनी उभ्या जन्मात इतक्या शिस्तीने केलं नव्हतं.

पिंपातून बाटलीत नळीने काढायचं होतं. नळी उखर्डूने आणली होती. "घरचीच हाय. पैसे नको खर्च करू." दिगंबररावांनी एक टोक पिंपात सोडलं, दुसरं तोंडात धरून ओढलं. बियर आली. बाटलीत यायच्या आधी ती त्यांच्या सदऱ्यावर आली, उखर्डूच्या टोपीवर आली, भिंतीवरच्या कॅलेंडरवर आली. नळी ठिबकची होती. केळीच्या प्रत्येक खोडापाशी पाणी पडावं म्हणून जिला जागोजाग छिद्रं असतात, ती. बागेत तिने जे केलं असतं, तेच ती इमानाने इथे करत होती.

"पाह्य," उखर्डू अभिमानाने म्हणाला, "एक भोक बुजलेलं नाही अजून."

"बोटं लाव, बोटं!"

दोघांची मिळून बोटं कमी पडली. शेवटी दिगंबररावांनी भिंतीकडे तोंड करून हाक मारली. वहिनी आल्या. हाकेच्या मानाने त्या फारच लवकर आल्या. नाकाला पदर लावून त्या दारातच थांबल्या.

"भाऊ, मी या कामाला हात लावणार नाही. आधीच सांगते."

"हात नका लावू वहिनी. दोन्ही हातांची बोटं तेवढी लावा."

त्यांनी लावली. जरा वेळाने एक बोट सहज तोंडात गेलं. "कडू आहे हो."

"कडूच असते."

"साखर घातली का?"

"घातली."

वहिनींनी उखर्डूकडे पाहिलं, उखर्डूने वहिनींकडे. ती नजर दिगंबररावांना दिसली. पण तिचा अर्थ कळायला आखाजी उजाडावी लागली. "असं बोटांनी किती वेळ धरायचं? मी कणीक आणते, भोकं बुजवू," म्हणून वहिनी घरी गेल्या आणि पदराआड काहीतरी घेऊन परत आल्या. तोवर दिगंबरराव ओला सदरा बदलायला आत गेले होते. उखर्डू एकटाच पिंपापाशी होता. आत सदऱ्याची बटणं लावताना दिगंबररावांची नजर साखरेच्या डब्यावर पडली आणि ते थबकले. साखर घातली होती ना? की नुसतं पाणी उकळलं? हल्ली गॅस बंद केला का, हे पाहायला ते गल्लीच्या टोकावरून परत येत. त्यांनी पुन्हा मोजली, पुन्हा उकळली.

मग भराई सुरळीत झाली. टोपणं दाबायचं यंत्र म्हणजे सांडशीची थोरली बहीण. दोन दांडे धरून खाली दाबायचं. पहिल्याच बाटलीवर दिगंबररावांनी इतका जोर लावला की टोपण एका बाजूला खाली आणि दुसऱ्या बाजूला वर, असं तिरपं बसलं.

"हे टाकून दे," उखर्डू म्हणाला.

"का टाकू?"

"वारा जाईल याच्यातून. काय कामाची?"

पण यातलं काही टाकायचं दिगंबररावांच्या जिवावर येत होतं. त्यांनी ती इतरांबरोबरच ठेवली.

आता बाटल्या उबदार जागी ठेवा, असं कागद म्हणत होता. बुऱ्हाणपुरात त्या दिवसांत उबदार नसलेली जागा शोधावी लागते. पण उखर्डूने आयुष्यभर फळं पिकवलेली होती.

"ऊब पाह्यजे ना? मंग अढीत घाल. आंबा पिकतो, केळं पिकतं, हे काहून नाही पिकणार?"

दिगंबररावांना यात खोट काढता येईना. आतल्या खोलीत आखाजीच्या रसाचे आंबे गवतात घातलेलेच होते. ही अढी दरवर्षी विमल लावायची. यंदा त्यांनी तिच्यासारखीच लावली होती. आंब्यांच्या थरांमध्ये बाटल्या आडव्या निजवल्या, वर गवत, वर पोतं, वर विमलची जुनी गोधडी. दार ओढून घेतलं. त्यानंतर ते रोज सकाळी आत जाऊन आंबे अंगठ्याने दाबून बघत. बाटल्यांवरूनही हात फिरवत. आंबे मऊ होत चालले होते. बाटल्या काही बोलत नव्हत्या.

गायत्री आदल्या दिवशी आली. आल्या आल्या तिने स्वयंपाकघरातली सगळी कपाटं उघडून पाहिली. आतली खोली तिने उघडली नाही. आंब्याचा वास येत होता, तेवढ्यावर तिचं समाधान झालं. दारू कुठे सापडली नाही. सापडला तो साखरेचा रिकामा डबा. मग वडिलांनी केलेला चहा ती प्यायली आणि गोंधळात पडली. चहात साखर नाही, डब्यात साखर नाही. मग साखर जाते कुठे?

आखाजीच्या सकाळी बाहेरच्या खोलीत घागर मांडली. नवी लाल घागर, तिच्यावर छोटं मडकं, त्यावर उखर्डूने आणलेलं डांगर, म्हणजे खरबूज, शेजारी वहिनींच्या सांजोऱ्या. गायत्रीने घागरीला कुंकू लावलं आणि तिचा हात तिथेच थांबला. दिगंबररावांनी दुसरीकडे पाहिलं. आता आत जाऊन एक बाटली आणायची, फोडायची, फेसासकट घागरीपुढे ठेवायची. विचारलं तर माझी आहे म्हणायचं. लोक म्हातारा बिघडला म्हणतील. म्हणोत. आजवर म्हणतच होते. विमलचं नाव निघालं नाही म्हणजे झालं.

ते उठणार, तोच दारात हेल्मेट घेऊन निरंजन उभा.

"काकाजी, तुमचा अर्ज साहेबांच्या हातात पडला. बिनक्रमांकाचा का ठेवला, म्हणून मलाच विचारलं."

"बरोबर विचारलं," दिगंबररावांच्या तोंडून निघून गेलं. "पण आज सुटी आहे."

"साहेबांना आठवण सुटीतच येते. पाहणी करून लिहून द्यायचंय." कोणीतरी त्याच्या हातात चहाचा कप दिला. त्याने एक घोट घेतला आणि कपाकडे पाहिलं. "बियर कुठे ठेवलीय?"

"कोणती बियर?" गायत्रीने विचारलं.

"यांनी बनवलेली, दीदी. स्वतःच लिहून दिलंय, सहीसकट."

गायत्री वडिलांकडे वळली. "पप्पा?"

उत्तर आतल्या खोलीने दिलं. आधी एक 'फट' झालं. मग दोन एकदम. आणि मग कोणी फटाक्यांची माळ लावावी तशी अढी तडतडू लागली. वहिनी घागरीला कवटाळून बसल्या. उखर्डूने डांगर उचलून पोटाशी धरलं. निरंजनने हेल्मेट घातलं. चहाचा कप मात्र सोडला नाही. आवाज थांबला तेव्हा बंद दाराखालून एक पिवळा, फेसाळ ओघळ बाहेर आला आणि निरंजनच्या बुटांपाशी येऊन थांबला.

दार उघडलं. खोलीत मधोमध गोधडी पडलेली, आणि सगळ्या आखाजीचा आमरस भिंतींना आणि छताला. छतावरून एक कोय सुटली आणि खाली पडली.

निरंजनने हेल्मेटची काच वर केली. कागद काढून तो लिहायला लागला आणि लिहिता लिहिता मोठ्याने वाचू लागला. "मौक्यावर आमरस आढळला."

"जप्ती?" दिगंबररावांनी विचारलं.

"छताची कशी करू, काकाजी? आता परत करू नका म्हणजे झालं. आणि केलीच तर अर्ज करू नका." तो निघाला, पण दाराशी त्याला राहवलं नाही. "कागदावर साखर मोजून घाला असं असतं ना?"

"मोजूनच घातली होती. म्हणजे..." दिगंबरराव अडखळले. "दोनदा."

"मी वाटीभरच घातली," वहिनी खाली बघत म्हणाल्या.

"मी तं गुळाचा एकच खडा टाकला," उखर्डू म्हणाला. त्याने हाताने खडा दाखवला. तो नारळाएवढा होता.

"तुम्हाला कोणी सांगितलं होतं घालायला?"

शेवटी वहिनीच म्हणाल्या, "तुमच्या चहात कधी नसते, भाऊ. वाटलं, इथेही विसरला असाल."

"माझ्या चहात साखर नसते?"

उखर्डू डांगराकडे बघत राहिला. निरंजनने हातातला भरलेला कप अलगद खिडकीत ठेवला आणि तो गेला. दिगंबररावांनी पौषापासूनचे सगळे 'मस्त झाला' आठवून पाहिले आणि त्यांना बसावंसं वाटलं.

वहिनी पाणी आणायला गेल्या, उखर्डू बाजारात नवे आंबे पाहायला. दिगंबरराव आतल्या खोलीत एकटेच काचा वेचायला लागले. गायत्री झाडू घेऊन आली, तिला त्यांनी आत येऊ दिलं नाही.

"जाऊ द्या ना, पप्पा. एवढीच हवी असेल तर दुकानातून मी आणून देते."

"दुकानात नाही मिळत ही."

"कशी नाही मिळत? बियरच ना?"

त्यांनी गवत बाजूला केलं. "तुझ्या आईने मागवली होती. पुडी एकच होती."

गायत्री दारातच उभी राहिली. "आईने? बियर?"

"दर आखाजीला. दुपारी. दोघांत एक."

"आणि मी कुठे असायचे?"

"तू झोक्यावर असायचीस."

तेवढ्यात गवताखाली त्यांच्या हाताला काच लागली. पण ती फुटलेली नव्हती. त्यांनी बाटली ओढून काढली. तिरप्या टोपणाची. तिने आतला सगळा गॅस हळूहळू, कोणाला न कळवता, सोडून दिला होता, म्हणून ती वाचली होती. टोपण अंगठ्यानेच निघालं. आवाज झाला नाही.

दोघं घागरीपुढे बसले. दिगंबररावांनी एक ग्लास भरून घागरीपाशी ठेवला, आणि बाटलीतली उरलेली दुसऱ्या ग्लासात ओतून गायत्रीपुढे सरकवली. बियर पिवळी होती, स्वच्छ होती, आणि दुपारच्या तापीसारखी शांत होती. गायत्रीने ग्लास उजेडात धरला, हलवून पाहिला, एक घोट घेतला.

"पप्पा, यात गॅसच नाही. बिघडली ही."

दिगंबररावांनी घागरीपुढच्या ग्लासाकडे पाहिलं.

"बिघडली नाही," ते म्हणाले. "तुझ्या आईची आहे ती."